चित्रफितीची स्पर्धा आणि अटींचा कागद

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले ते बहुधा वेतनकराराविषयी किंवा बोनसविषयी ऐकण्यासाठी. आम्ही कळविला तो विषय मात्र महाविद्यालयातील चित्रफीत-स्पर्धेचा. कामगार संघटनेच्या माणसाने मुलांच्या स्पर्धेत काय म्हणून लक्ष घालावे, असा प्रश्न काही मंडळींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. इचलकरंजीत दरवर्षी स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आमच्या युनियनच्या कचेरीत मुलामुलींची वर्दळ सुरू होते. कुणाला मागाचा खडखडाट टिपायचा असतो, कुणाला कांड्या भरणाऱ्या बायकांशी बोलायचे असते. कारखान्यात शिरण्यापुरती आमची ओळख त्यांना हवी असते. त्यांपैकी पुष्कळ मुले आमच्याच सभासदांची. ओळख करून देता देता त्यांच्या हातातला स्पर्धेचा कागद आम्ही वाचू लागलो आणि वाचल्यावर असे दिसले, की हा कागद म्हणजे एक करार आहे. करार वाचणे हाच आमचा तीस वर्षांचा धंदा असल्यामुळे गप्प बसवेना.

चित्रपट आणि कारखाना यांचे नाते तसे पहिल्या दिवसापासूनचे आहे. फ्रान्समधील लिआँ शहरी ल्यूमिएर बंधूंचा छायाचित्रांच्या काचा बनविण्याचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी आपल्याच कारखान्याच्या दारासमोर यंत्र उभे केले आणि सुटीच्या वेळी बाहेर पडणारे कामगार टिपले. ती चित्रफीत एक मिनिटाचीही नाही. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो खेळ झाला, त्यात हे चित्र होते; पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात खेळ झाला, तेव्हा तेथल्या प्रेक्षकांनीही ते पाहिले. या चित्राच्या तीन निरनिराळ्या प्रती आजही आहेत. म्हणजे कामगारांना एकाहून अधिक वेळा त्याच दारातून बाहेर पडावयास लावले होते. मालक यंत्रामागे आणि मजूर यंत्रापुढे. मालकाचे नाव शाळकरी मुलालाही पाठ आहे. दारातून लगबगीने बाहेर पडणाऱ्या त्या बायकांची नावे मात्र चित्रावर कोठेही नाहीत. नावाचा हा प्रश्न पुढे येणारच आहे.

आता स्पर्धा म्हणजे काय ते, ज्यांना ठाऊक नाही अशा श्रोत्यांसाठी, थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी चार-पाच जणांचा गट करावा, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या लांबीची चित्रफीत स्वतः रचून, टिपून, जोडून द्यावी, परीक्षकांनी पाहून बक्षीस द्यावे, असे तिचे स्वरूप असते. अमेरिकेत अटलांटा शहरी एमरी नावाचे विद्यापीठ आहे. तेथल्या चार विद्यार्थ्यांनी २००१ साली आपल्या सहाध्यायांना कॅमेरा आणि संगणक उसने देऊन एका आठवड्यात पाच मिनिटांची चित्रफीत करावयास सांगितले. तो उपक्रम पुढे ‘कॅम्पस मूव्हीफेस्ट’ या नावाने अनेक विद्यापीठांत गेला. त्याच साली वॉशिंग्टनमध्ये अठ्ठेचाळीस तासांत चित्रपट करण्याची स्पर्धा निघाली, आणि तिचे लोण पुढे मुंबईपर्यंत आले. त्या वेळी कॅमेरा उसना द्यावा लागत होता ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. साधन हाती आले, की कारागीर वाढतात आणि कारागीर वाढले, की त्यांच्या श्रमाचा भाव पाडणारेही वाढतात. यंत्रमागाच्या गावाला हे नव्याने सांगावयास नको.

पाच मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे मुलांना वाटते. मोबाइल साधारणपणे सेकंदाला तीस चित्रे घेतो. तेव्हा पाच मिनिटांत नऊ हजार चित्रे होतात आणि ती सगळी कोणीतरी निवडलेली असावी लागतात. लिहिलेल्या संहितेचे एक पान साधारण एक मिनिट चालते असा या धंद्यात ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पाच पाने. पाच पानांत नायकाचे बालपण, शिक्षण, प्रेम, बेकारी आणि शेवटी व्यसनमुक्ती बसविणारे गट आम्ही पाहिले आहेत. ती चित्रफीत राहत नाही, जाहीरनामा होतो. एक जागा, दोन माणसे आणि एकच अडचण एवढे घेतले, तर पाच मिनिटे पुरून उरतात.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांना भांडवल हवे होते आणि चित्रपट म्हणजे काय हे सावकारांना दाखवून द्यावयाचे होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा ठेवला, महिन्याहून अधिक काळ ते रोप टिपले, आणि जेमतेम मिनिटभराची चित्रफीत तयार केली. बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागतो. एवढीच गोष्ट. नट नाही, देखावा नाही, संवाद तर शक्यच नव्हता. पण महिन्याचे काम मिनिटात दिसते हे पाहून भांडवल उभे राहिले. आज एखाद्या गटाजवळ फक्त मोबाइल आणि घराची गच्ची असेल, तर तेवढ्यावर काय होऊ शकते याचा हा शंभर वर्षांहून जुना धडा आहे.

कारागिरीच्या बाबतीत आम्ही पारंगत नाही. पण कारखान्यात चित्रण करणाऱ्या इतक्या गटांबरोबर उभे राहिलो आहोत, की दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिली आवाजाची. मुले चित्राची फार काळजी घेतात आणि आवाज देवावर सोडतात. मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावे लागते. तेथे चार हातांवर मोबाइल धरून घेतलेली मुलाखत ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याच्या खिशात दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी चालू ठेवावा, सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे पुढे चित्र आणि आवाज जुळविताना ती टाळी खूण म्हणून उपयोगी पडते. त्याहून बरे म्हणजे बोलणे चहाच्या टपरीमागे किंवा घरी घ्यावे, आणि मागांचा आवाज वेगळा मुद्रित करून खालून सोडावा. दुसरी गोष्ट जिवाची. धोट्याच्या मागाजवळ ओढणी, पदर, गळ्यातली दोरी किंवा कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा घेऊन जाऊ नये. धोटा उडाला तर तो चित्रण चालू आहे का, हे पाहत नाही. जॉबर ‘मागे व्हा’ म्हणाला, की मागे व्हावे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. गट जमला, की पहिल्याच दिवशी एक कागद आपसांत लिहावा असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मुले हसतात. ‘आम्ही मित्र आहोत’ म्हणतात. भाऊबंदकीचे दावे लढणारेही पूर्वी भाऊच होते! कोणी लिहिले, कोणी टिपले, कोणी जोडले, बक्षीस आले तर वाटणी कशी, चित्रफीत दुसऱ्या स्पर्धेत पाठवायची झाली तर कोणाकोणाची संमती लागेल आणि शेवटच्या नामावलीत कोणाचे नाव काय म्हणून यावे, एवढे त्यात असले तरी पुरे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनला लागला. त्याच्या निर्मितीत सरस्वतीबाई फाळके यांनी कच्च्या फिल्मला रात्री अंधारात भोके पाडली, ती धुण्यास हात लावला आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. तारामतीचे काम करणारे अण्णा साळुंखे ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. आज ही नावे आपल्याला माहीत आहेत ती पुढे कोणी तरी लिहून ठेवली म्हणून. स्पर्धेच्या चित्रफितीत चहा आणणारा, दिवा धरणारा आणि रात्रभर संगणकापुढे बसून तुकडे जोडणारा यांची नावे गळतात आणि ‘दिग्दर्शक’ हा शब्द मात्र मोठ्या टाइपात येतो.

येथे कायद्यातील एक गंमत सांगतो, कारण ती पुष्कळ दिग्दर्शकांनाही ठाऊक नसते. आपल्याकडे प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नव्हे, निर्माता होय. दिग्दर्शकालाही कर्ता मानावे असा प्रस्ताव त्या दुरुस्तीच्या विधेयकात होता; पण तो मंजूर झाला नाही. आणि निर्माता म्हणजे कोण? तर ज्याने ती कृती घडविण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. विद्यार्थ्यांचा गट आपला वेळ, आपला मोबाइल, आपले बसभाडे खर्चून चित्रफीत करतो, तेव्हा पुढाकारही त्यांचा आणि जबाबदारीही त्यांचीच. सर्वसाधारणपणे निर्माता तो गटच. पण एखाद्या संस्थेने मोबदला देऊन चित्रफीत करवून घेतली, तर, उलट काही ठरले नसल्यास, पहिली मालकी त्या संस्थेची होते. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचेही तसेच. विद्यार्थी हा नोकर नाही. हा फरक आयोजकांच्या ध्यानात बहुधा असतो. म्हणूनच अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात तो पुसून टाकण्याची तजवीज केलेली आढळते. ‘प्रस्तुत स्पर्धेसाठी आयोजक हेच निर्माते समजले जातील’ असे एक वाक्य आले, की गटाच्या हातून पाटीलकी गेली!

अशी वाक्ये तीन-चार ठरावीक घाटांची असतात. ‘प्राप्त झालेल्या सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील’ हे सर्वांत सरसकट. यात बक्षीस न मिळालेल्यांचीही चित्रफीत गेली. पन्नास गट, बक्षिसे तीन, आणि चित्रफिती पन्नासच्या पन्नास आयोजकांच्या कोठारात. जाहिरात करणाऱ्या कंपनीला ही फार स्वस्तातली खरेदी पडते. एरवी पन्नास जाहिराती करून घेण्यास काय खर्च येईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दुसरे वाक्य ‘कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात’ या शब्दांचे. तिसरे, ‘स्पर्धक आपले नैतिक हक्क सोडून देत आहे’ असे. आणि चौथे, जे आम्हांला सर्वांत बोचते ते, ‘चित्रफितीमुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याची जबाबदारी स्पर्धकाची राहील.’ म्हणजे माल आमचा, फायदा आमचा, आणि कोर्टाची पायरी चढायची ती विद्यार्थ्याने. बदली कामगाराच्या करारातदेखील इतका एकतर्फी मजकूर घालताना मालक थोडा लाजतो.

येथे मालकी देणे आणि वापरण्याची परवानगी देणे यांतला भेद समजून घेतला पाहिजे. घर विकणे आणि घर भाड्याने देणे यांत जो भेद, तोच हा. आयोजकांना चित्रफीत सभागृहात दाखवावयाची आहे, आपल्या पानावर ठेवावयाची आहे, वर्तमानपत्राला एखादे चित्र द्यावयाचे आहे. या सर्वांना परवानगी पुरते, मालकी लागत नाही. आणि मालकी द्यावयाचीच झाली, तरी कायद्याने काही बंधने घातली आहेत. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे त्यात आले पाहिजे. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे समजावा आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच समजावा, असे कायदा सांगतो. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षाच्या आत वापरलेच नाहीत, तर, करारात वेगळे काही म्हटले नसल्यास, ते हक्क परत फिरतात. विद्यार्थ्याच्या बाजूची ही कलमे आहेत. पण ती अशी आहेत, की अर्जात उलट शब्द लिहून दिले म्हणजे त्यांतली बरीचशी धार जाते. म्हणून शब्द वाचावयाचे. संगणकावरच्या अर्जात ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकटीत खूण करणे हे सही करण्यासारखेच मानून वागावे.

नैतिक हक्क हा शब्द ऐकून पुष्कळांना तो उपदेशाचा विषय वाटतो. तसे नाही. कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपली अब्रू घालविली तर आक्षेप घेण्याचा, असे हे दोन हक्क आहेत. प्रताधिकार विकल्यावरही ते कर्त्याजवळ राहतात. मुलीने केलेल्या हुंडाविरोधी चित्रफितीचा तुकडा उचलून कोणी तो दागिन्यांच्या जाहिरातीत घातला, तर तिने काय करावे? याच हक्काचा आधार घ्यावा. मग तो पाच हजारांच्या बक्षिसाच्या आशेवर आधीच का सोडून द्यावा?

पालकांसाठी एक सूचना. अकरावी-बारावीची मुले पुष्कळदा अठराच्या आतली असतात. अज्ञान मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात करारच ठरत नाही. त्यामुळे अर्ज पालकांच्या सहीसाठी घरी येतो आणि गॅसच्या पुस्तकावर सही करावी तशी त्यावर सही होते. ती सही आपली आहे आणि मागचा मजकूर आपल्याला वाचता येतो, एवढे पालकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता गाण्याकडे वळतो. विद्यार्थ्यांच्या दहा चित्रफितींत आठांत सिनेमाचे गाणे असते. ‘दहा सेकंद वापरले तर चालते’ असे मुले मोठ्या विश्वासाने सांगतात. आपल्या कायद्यात दहा सेकंदांचे असे कोणतेही कलम नाही. शिवाय गाणे ही एक वस्तू नव्हे. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे, असे तीन पदर तिला असतात, आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांनी संपतो. शब्दांचा आणि चालीचा मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून १९५५ चे ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी त्यातले गीत मोकळे झालेच असे नाही. विद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर गाणे वाजविण्यास कायद्याने सवलत आहे; त्या सवलतीच्या भरवशावर तेच गाणे चित्रफितीत जोडून जगाला खुले करता येत नाही. सभागृहात काही झाले नाही म्हणून इंटरनेटवरही काही होणार नाही असे मानणारे गट या ठिकाणी फसतात, आणि मग ते जबाबदारीचे चौथे वाक्य उठून उभे राहते.

संगीतकारांची बाजूही ऐकली पाहिजे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करून घेतले, तर, वेगळा करार नसल्यास, मालक निर्माता. पुढे वर्षानुवर्षे कवी आणि संगीतकार एकदाच पैसे घेऊन गप्प बसत राहिले. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरात त्यांना मानधनाचा समान वाटा मिळाला, आणि तो वाटा वारसांना किंवा हक्कदारांच्या संस्थेला सोडून अन्य कोणालाही देऊन टाकता येणार नाही असे ठरले. या लढ्यात राज्यसभेत जावेद अख्तर यांनी पुढाकार घेतला होता. मध्ये पस्तीस वर्षे गेली. ज्या मुलाला उद्या आपल्या चित्रफितीवर हक्क सांगायचा आहे, त्याने आज दुसऱ्याचे गाणे फुकट उचलावे हे आम्हांला पटत नाही. त्यापेक्षा वर्गातल्या पेटी वाजविणाऱ्याला बोलवावे. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर त्या घ्याव्या. परंपरेतल्या ओवीवर कोणाची मालकी नाही. परंतु म्हणणारी आजी ही कलावंत आहे, तिची परवानगी घ्यावी आणि तिचे नाव द्यावे. हे नाव देणे केवळ शिष्टाचाराचे नाही, कलावंताचे हक्क म्हणून कायद्यातही त्याला जागा आहे.

आणि आता ज्या गोष्टीने आम्हांला या विषयात ओढले ती सांगतो. गावाची, संस्थेची, माणसांची नावे घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका गटाने यंत्रमाग कामगारावर चित्रफीत केली. कामगाराने कॅमेऱ्यापुढे मोकळेपणी सांगितले, की पिकावर मजुरी मिळते, माग बंद राहिला तर त्या वेळेचे काही मिळत नाही, आणि ठरलेला दर आमच्या शेडमध्ये कोणी देत नाही. मुले प्रामाणिक होती. त्यांनी त्याला विचारले होते, ‘काका, शूटिंग करू का?’ तो ‘करा की’ म्हणाला होता. चित्रफीत चांगली झाली. तिला पहिला क्रमांक मिळाला, टाळ्या मिळाल्या. आठ दिवसांत ती मोबाइलवरून मोबाइलवर फिरत त्याच्या मालकाकडे पोचली. दुसऱ्या सोमवारी त्याचे माग दुसऱ्याला दिले. आम्ही चर्चेला बसलो, दोन आठवडे हेलपाटे घातले, तेव्हा तो कामावर परत लागला. पण दुसऱ्या शेडमध्ये आणि रात्रपाळीला. त्याच्या बायकोने आम्हांला एकच विचारले, की बक्षीस कोणाला मिळाले?

यात कायद्याचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. परवानगी तर घेतली होती. पण ‘शूटिंग करू का’ एवढ्याने परवानगी पुरी होत नाही असे आमचे मत झाले आहे. चित्रफीत कोठे दाखविणार, ती कोणाकोणाच्या हाती जाऊ शकते, इंटरनेटवर जाणार की नाही, गेल्यावर मागे घेता येईल काय, हे बोलणाऱ्याला आधी समजावून सांगितले पाहिजे. आणि जोडून तयार झाल्यावर ती त्याला एकदा दाखविली पाहिजे. ‘हे वाक्य काढा’ म्हणाला तर काढले पाहिजे. चेहरा न दाखवताही पुष्कळ दाखविता येते. वहिफणी करणाऱ्याची बोटे, सायझिंगमधल्या वाफेतला पाठमोरा माणूस, सुताच्या पांढऱ्या धुळीने माखलेल्या भुवया. खरे सांगायचे तर या गोष्टी चेहऱ्याहून अधिक बोलतात. आवाज दुसऱ्याने वाचला तरी चालतो. आणि कामगार स्वतःहून म्हणाला, की माझे तोंड दिसू द्या, मला सांगायचे आहे, तर तो त्याचा हक्क. मग मात्र त्याच्यामागे उभे राहण्याची तयारी ठेवूनच ते चित्रण करावे. या एका प्रसंगानंतर आम्ही कारखान्यात चित्रण करणाऱ्या प्रत्येक गटाकडून दोन ओळी लिहून घेऊ लागलो: अंतिम चित्रफीत बोलणाऱ्याला दाखवू, आणि त्याच्या सांगण्यावरून वगळू. काही गटांना हे आवडले नाही. ते गट आले नाहीत.

परीक्षणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. परीक्षक कल्पना, मांडणी, चित्र, आवाज यांना गुण देतात आणि पुष्कळदा आवाजातच गट मागे पडतात. ‘लोकपसंती’चे म्हणून इंटरनेटवरच्या अंगठ्यांवर जे बक्षीस देतात, त्याचा आम्हांला भरवसा वाटत नाही, ज्याचे नातेवाईक अधिक, त्याची चित्रफीत चांगली! हात वर करून होणाऱ्या निवडणुका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, की अटी आयोजकांच्या, मान्य नसतील तर भाग घेऊ नये. मालकही असेच म्हणतात: दर पटत नसेल तर दुसरीकडे जा. एकट्याने जाऊन ‘हे कलम बदला’ म्हटले, तर हसण्यावारी नेतील. पण आठ-दहा गटांनी मिळून एकच अर्ज दिला तर वेगळे घडते. गेल्या काही वर्षांत आम्ही गटांना एक साधा मजकूर सुचवीत आलो आहोत: चित्रफितीची मालकी करणाऱ्यांकडे राहील, आयोजकांना ती सर्वांच्या नावांसह, जाहिरातीसाठी न वापरता, एक वर्षापर्यंत आपल्या कार्यक्रमांत आणि आपल्या पानावर दाखविता येईल, त्यापुढचा वापर लेखी परवानगीने आणि ठरलेल्या मोबदल्याने होईल. एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना हा अर्ज मुलांनी दिला, तेव्हा त्यांनी तो वाचून सांगितले, की आमचा अर्ज आम्ही दुसऱ्या कोठल्या तरी स्पर्धेवरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता, त्यात काय आहे हे आम्हीही नीट पाहिले नव्हते. त्यांनी त्याच दिवशी कलम बदलले. सर्वच आयोजक इतके सरळ भेटत नाहीत. एका व्यापारी प्रायोजकाने नकार दिला. तेव्हा सात गटांपैकी पाच गटांनी प्रवेशिका दिल्या नाहीत, दोघांनी दिल्या. त्या दोघांना आम्ही दोष दिला नाही. बक्षिसाची रक्कम त्यांच्या घरच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती.

शेवटची रात्र ही या स्पर्धांत सर्वांत घाईची असते, आणि सह्या नेमक्या त्या रात्री होतात. मुदत संपायला दहा मिनिटे उरलेली, चित्रफीत वर चढत नाही, वीज गेलेली, अशा वेळी अटी कोण वाचणार? म्हणून अटींचा कागद पहिल्या दिवशी मागून घ्यावा आणि चित्रणाला हात लावण्यापूर्वी वाचावा. मूळ चित्रण, म्हणजे न जोडलेले सगळे तुकडे, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे. उद्या ही चित्रफीत कोणाची असा वाद निघाला, तर तेच तुकडे साक्षीला येतात. भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. आपसांतल्या कराराचा आणि बोलणाऱ्याच्या संमतीचा कच्चा मसुदा आमच्या कचेरीत सायंकाळी सहानंतर कोणालाही मिळेल. त्यासाठी सभासद असण्याची अट नाही.